धोपाव्याचा चढ

टपावरचा रॅक मी आधीच नाकारला.
अप्पांची सायकल तेवीस किलो,
आंब्याच्या पेट्या तोलतात त्या काट्यावर घातली होती;
ती डोक्याच्या वर उचलायला माझे खांदे आता तयार नाहीत,
आणि दापोलीकडच्या रस्त्यांना फणसाच्या फांद्या
खाली वाकूनच असतात.

डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा स्वस्त पडला असता.
पण त्याचे आकडे पत्र्यावर टेकतात,
आणि आमचा पत्रा खाऱ्या वाऱ्यानं
आतून खायला घेतलाय केव्हाच.

उरला हिचवाला.
हर्णैचा हनीफ मापारी होड्यांच्या ट्रॉल्या वेल्ड करतो.
गाडीखाली उताणा पडून त्यानं सांगाडा ठोकून पाहिला,
नारळ वाजवून बघतात तसा.
"बंपरला नको ताई. हाडाला धरू या."
दोन इंची चौकोनी नळी, आठ बोल्ट
आणि माझ्या अंगठ्याएवढी एक पिन,
सगळा भरवसा तिच्यावर.

आता लटकवायचा, की ताटात उभा करायचा?
लटकवायला आडवा दांडा लागतो. तो आहे.
पण त्यावर एकतीस वर्षं शिडी घासली,
रंग जाऊन लोखंड उघडं पडलंय,
आणि अप्पा वायरमन म्हणूनच ओळखले गेले
त्या शिडीच्या दुरून दिसणाऱ्या टोकावरून.
"तिला गळ्याला धरून नाय टांगायची," म्हणाले.
म्हणून ताट.
चाकं खाली टेकलेली, आकडा टायरवर.

सायकली चढल्या की नंबर झाकला जातो,
तेव्हा मागे आणखी एक पाटी, दोन लाल दिवे.
मी मेकॅनिकला फोन लावत होते
तोवर अप्पांनी वायर दातांनी सोलली होती.
उजवा लागला.
डावा लागला.
मग बराच वेळ ते दिवे विझवेनात.

नळीत नळी थोडी सैल राहतेच, वळणावर खडखडते;
आडवा बोल्ट आवळला की गप्प होते.
पिनला ग्रीस लावायचं, दर आठवड्याला काढून बघायची,
नाहीतर आमच्या हवेत ती एका पावसाळ्यात
नळीशी लग्न लावून मोकळी होते.
हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं.
त्यांनी ऐकून घेतलं, आणि वरून सुंभाचा एक वेढा मारला.

दाभोळपर्यंत ते मागच्या सीटवर
उलटे वळून बसले होते.
मान दुखेल म्हटलं.
"हलत्येय गो जराशी," एवढंच.

फेरीत बसताना काही झालं नाही. उतरताना झालं.
ओहोटी. धोपाव्याचा चढ शेवाळलेला, उभा.
पुढची चाकं वर गेली आणि मागे
खर्रर्र.
फेरीवरचा पोरगा फळीवर हात आपटून ओरडला,
मागे तीन रिक्षा, एक बर्फाचा टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न.
रॅक निवडताना मी वजन बघितलं, कुलूप बघितलं,
जमिनीपासून किती उंच, ते बघायचं राहिलं.
कुणीतरी म्हणालं, भरती येईपर्यंत थांबा.

अप्पा केव्हा उतरले कळलं नाही.
सुंभ सोडला, आकडे उचलले,
आधी माझी सायकल त्या पोराच्या हातात दिली
(बारा किलो, त्यानं एका हातानं धरली),
मग स्वतःची उतरवली, कुणाला हात लावू न देता.
मी रिकामा रॅक उचलून उभा दुमडला.
त्याची खिट्टी बसल्याचा आवाज
हॉर्नांतही ऐकू आला.

सायकल ढकलत ते चढ चढून गेले, थांबत थांबत.
वर पोचल्यावर टांग मारली नाही.
सीटवर हात ठेवून उभे राहिले
आणि घंटी वाजवली, दोनदा,
लाइन चालू करायच्या आधी
खांबाखालच्या माणसाला देतात तशी.

मी पहिला गिअर टाकला.